दगड कोणी उचलायचा?

खूप जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते मला विचारू नका, कारण मला ज्याने सांगितली त्यालाही ते ठाऊक नव्हते. तेव्हा डोंगरांच्या बेचक्यात एक छोटेसे राज्य होते. राजा बरा होता, म्हणजे राजे असतात त्या मानाने बरा. पिके येत, जत्रा भरत, माणसे भांडत आणि पुन्हा एका पंगतीला बसत.

त्या राज्यात न्याय करायची एक रीत होती. न्यायासन एका उंच ओट्यावर होते आणि तिथे जायला अकरा पायऱ्या होत्या. पायथ्याशी एक काळा दगड ठेवलेला असे, धडधाकट माणसाला जेमतेम पेलेल एवढा. कोणावर आरोप झाला, की त्याने तो दगड खांद्यावर घ्यायचा आणि अकरा पायऱ्या चढायच्या. दगड न पडता वर पोचला तर माणूस निर्दोष. मध्येच पडला तर गुन्हेगार. खऱ्या माणसाला देव बळ देतो, असे सगळे म्हणत. हे म्हणणाऱ्यांपैकी कोणी तो दगड कधी उचललेला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

दगडाची देखभाल करायला एक माणूस नेमला होता. त्याला सगळे तात्या म्हणत. दगड धुवायचा, पुसायचा, आरोपीच्या खांद्यावर चढवायचा आणि बाजूला उभे राहायचे, एवढेच त्याचे काम. वीस वर्षे त्याने ते इमानेइतबारे केले.

पण वीस वर्षे एकाच जागी उभ्या राहणाऱ्या माणसाला काही गोष्टी दिसतातच. तात्याच्या ध्यानात आले, की दगड खांद्यावर घेतलेला कोणताही माणूस चौथ्या पायरीपर्यंत गुन्हेगारासारखाच दिसू लागतो. त्याला घाम फुटतो, पाय लटपटतात, नजर खाली जाते, विचारलेल्या प्रश्नाला धड उत्तर देता येत नाही. आणि जमलेले लोक एकमेकांना कोपराने ढोसून म्हणतात, "बघ, बघ, कसा चाचरतोय! मनात पाप असल्याशिवाय असं होतं का?"

एकदा एका मेंढपाळावर देवळातली घंटा चोरल्याचा आरोप आला. बिचारा नुकताच तापातून उठलेला होता. पाचव्या पायरीवर त्याच्या हातून दगड सुटला आणि त्याला राज्याबाहेर घालवून दिले. पुढे उन्हाळ्यात देवळामागच्या तळ्यातला गाळ काढला, तेव्हा घंटा त्या गाळात सापडली. दोर कुजून ती पाण्यात गडगडली होती. मेंढपाळाला परत आणायला माणसे धाडली, पण तो कुठे गेला ते कोणालाच कळले नाही. त्या दिवशी तात्या जेवला नाही. त्या खांद्यावर दगड ठेवणारे हात आपले होते, हे त्याला विसरता येईना.

काही वर्षांनी म्हातारे न्यायाधीश वारले. नव्या नेमणुकीवरून पंडितांची अशी काही जुंपली, की राजाला वैताग आला. तो म्हणाला, "इतकी वर्षं न्यायासनाच्या सर्वांत जवळ कोण उभं आहे? दगडवाले तात्या. मग त्यांनाच बसवा." राजे असेही निर्णय घेतात, आणि कधी कधी ते बरोबर निघतात.

तात्याने हात जोडले. "महाराज, माझं एक मागणं आहे. दगड राहू दे, पायऱ्याही राहू देत. पण दगड कोणी उचलायचा, ते मी ठरवीन."

"एवढंच ना? ठरवा," राजा म्हणाला आणि शिकारीला निघून गेला.

दुसऱ्याच दिवशी तात्याने दवंडी पिटवली. ज्याला दुसऱ्यावर आरोप करायचा असेल, दगड त्याने उचलायचा. प्रत्येक पायरी चढण्याआधी त्याने एक गोष्ट सांगायची, आणि ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली किंवा स्वतःच्या कानांनी ऐकलेली हवी. ज्याच्यावर आरोप आहे, तो मोकळ्या खांद्यांनी उभा राहील. दगड अकराव्या पायरीवर पोचला तरच गुन्हा सिद्ध, आणि तोवर त्याला कोणी गुन्हेगार म्हणायचे नाही.

लोकांनी दवंडी ऐकली आणि तात्याचे डोके फिरले असे ठरवून ते आपापल्या कामाला लागले. पुढचे वर्षभर मोठा खटलाच आला नाही. रीत बदलली आहे हे बहुतेक जण विसरूनही गेले.

मग एका दुपारी कोठाराला आग लागली.

हे कोठार म्हणजे सगळ्या राज्याचे बियाण्याचे कोठार होते. सुगी झाली, की प्रत्येक घराने पुढच्या वर्षाचे बी तिथे आणून ठेवायचे आणि पेरणीच्या वेळी परत न्यायचे, असा नियम होता. दुपारी धूर दिसला आणि दिवस मावळेपर्यंत कोठाराच्या जागी चार काळ्या भिंती उरल्या. माणूस कोणी दगावला नाही. पण पेरणी महिन्यावर आली होती आणि हातात बी नव्हते.

माणसे रडली, आणि रडून झाल्यावर चिडली. संशय कुंभारणीवर आला. ती कोठाराशेजारी एकटी राहत असे आणि तिची जीभ फार तिखट होती. त्याच दिवशी सकाळी कोठाराची राखण करणाऱ्या कोठावळ्याशी तिचे भर बाजारात भांडण झाले होते. तिचे बारा रांजण त्याने कच्चे म्हणून परत केले, तेव्हा ती कडाडली होती, "जळो मेलं तुझं कोठार! राख होवो त्याची!" आणि दुपारी खरोखरच राख झाली. शिवाय आग तिच्या घराच्या बाजूनेच लागली होती. आणखी काय हवे? अंधार पडायच्या आत गावाचा निकाल लागलासुद्धा.

सकाळी तात्याच्या बायकोने त्याच्यापुढे भाकरी ठेवली आणि ती म्हणाली, "अहो, इतका विचार कसला करताय? तिनेच लावली. सगळं गाव सांगतंय."

"गाव तर मेंढपाळाबद्दलही सांगत होतं," तात्या पुटपुटला.

"त्याची गोष्ट वेगळी होती. तो गरीब होता हो. ही महामाया आहे."

खरे सांगायचे तर तात्यालाही तसेच वाटत होते. त्याच्या स्वतःच्या नाचणीचे बी त्या आगीत गेले होते आणि त्याला भयंकर राग आला होता. जुनी रीत चालू असती, तर त्याने आज तो दगड आनंदाने तिच्या खांद्यावर आदळला असता. हे मनात आले आणि तात्या स्वतःलाच घाबरला. भाकरी तशीच टाकून तो उठला.

न्यायासनासमोर मुंगीला शिरायला जागा नव्हती. कुंभारीण पायऱ्यांच्या बाजूला उभी होती. जाणूनबुजून आग लावणाऱ्याला त्या राज्यात कडेलोटाची शिक्षा होती, आणि तो कडा तिथून समोरच दिसत होता. तिची नजर राहून राहून तिकडे जात होती.

"ठेवा दगड तिच्या खांद्यावर!" गर्दीतून कोणीतरी ओरडले.

तात्याने हात वर केला. "आरोप कोणाचा आहे?"

"सगळ्या गावाचा!"

"मग गावातल्या एकाने पुढे यावं आणि दगड उचलावा. वर्षापूर्वी दवंडी दिली होती."

आता मात्र जो तो शेजाऱ्याकडे बघू लागला. शेवटी कोठावळाच पुढे आला. पोती उचलून उचलून त्याचे खांदे भरदार झाले होते. त्याने एका दमात दगड उचलला.

"काल सकाळी ही माझ्याशी भांडली," तो म्हणाला.

"हे साऱ्या बाजाराने ऐकलंय. चढा."

"ही म्हणाली, जळो मेलं तुझं कोठार."

"तेही खरं. चढा." कोठावळा दुसऱ्या पायरीवर आला आणि गर्दी गुरगुरली. तात्या गर्दीकडे वळला. "शब्द वाईट आहेत, मलाही आवडले नाहीत. पण आज सकाळपासून ज्या बाईने घरात कशालाच 'जळो' म्हटलं नसेल, तिने हात वर करावा."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. पहिल्या रांगेत बसलेली तात्याची बायको बांगड्या मोजू लागली, कारण तिने पहाटे उतू गेलेल्या दुधाला, न्याहारीच्या वेळी शेजारणीच्या शेळीला आणि निघताना नवऱ्याच्या न्यायासनालाही तेच म्हटले होते. एकही हात वर झाला नाही. कोणीतरी फिस्सकन हसले.

"राग मनात येतो," तात्या म्हणाला. "नुसत्या मनातल्या रागाला शिक्षा द्यायची, तर हा कडा आपल्या सगळ्यांना पुरायचा नाही. गुन्हा व्हायला हातही लागतो. कोठावळे, हाताचं सांगा."

"दुपारी हिने मडकी भाजायचा आवा पेटवला होता."

"चढा."

"वारा आव्याकडून कोठाराकडे होता."

"चढा."

"आग लागली तेव्हा तिच्या बाजूच्या झरोक्यातून धूर निघत होता. मी पाहिला."

"चढा."

कोठावळा पाचव्या पायरीवर पोचला. त्याच्या कपाळावरून घाम निथळत होता. "आणि मग हिने कोलीत घेतलं, आणि झरोक्यातून..." तो थांबला.

"पाहिलंत?"

"तसंच झालं असणार, तात्या. दुसरं काय होणार?"

"असणार म्हणून चालायचं नाही. तुम्ही पाहिलंत का?"

दगड कोठावळ्याच्या खांद्यात रुतत होता. तात्याचा आवाज मऊ झाला. "दगड ठेवायचा असेल तर खाली ठेवा. ठेवल्याची शिक्षा नाही. खोटं सांगून वर आणल्याची आहे."

"नाही पाहिलं," कोठावळा म्हणाला.

तात्याने विचारले, "मग मला एक सांगा. आवा पेटला, की त्या बाजूचे झरोके बंद करायचे असतात. मग ठिणगी आत गेली कशी?"

कोठावळ्याने दगड हळूच पायरीवर ठेवला आणि तो तिथेच मटकन बसला. एवढा आडदांड माणूस, पण तोंड झाकून रडू लागला. "ते काम माझं आहे. रोज मीच बंद करतो. काल भांडणाच्या तिरीमिरीत राहून गेलं. आग दिसली आणि मला वाटलं, आता माझं नाव येणार. म्हणून मी आधी हिचं घेतलं."

"मग यालाच ढकला कड्यावरून!" गर्दीतून आवाज आला. हा तोच मघाचा आवाज होता.

आता मात्र तात्या संतापला. "अर्ध्या घटकेत माणूस बदलला, तुमची शिक्षा तीच! कोणी का पडेना, पण पडलं पाहिजे, होय ना?"

सगळे खाली मान घालून उभे राहिले. तेवढ्यात कुंभारीण बोलायला पुढे सरली. तात्याने तिला थांबवले. "बाई, तू बोललंच पाहिजेस असं नाही. गप्प राहिलीस म्हणून तुला कोणी दोषी म्हणणार नाही. तसं म्हणणाऱ्याची गाठ माझ्याशी आहे."

तिने पदराने तोंड पुसले. "राहू द्या तात्या, बोलते मी. नाहीतर गळ्याशी अडकून राहील. आवा पेटवला, की वरून ओल्या मातीचा लेप द्यायचा असतो. काल मी अर्धाच दिला. भांडून आले होते, बारा रांजण परत आले होते, हात चालत नव्हते. कोठार जळो असं म्हटलं, ते तेव्हा मनापासून म्हटलं होतं. खोटं कशाला बोलू? पण दुपारी आव्यापाशी बसले तेव्हा डोक्यात कोठार नव्हतं हो. रांजण कच्चे का राहिले, एवढंच डोक्यात होतं."

मग तात्या उठून उभा राहिला.

"सकाळी हिच्या मनात वाईट होतं, पण हाताने काही केलं नाही. दुपारी हाताकडून चूक झाली, पण तेव्हा मनात वाईट होतं असं दाखवणारा इथे कोणी नाही. वाईट मन आणि वाईट हात एकाच वेळी एकत्र आले, असं कोणीही पाहिलेलं नाही. तुम्हाला एक सांगतो. आज सकाळी घरून निघालो, तेव्हा आग हिनेच लावली असं मलाही वाटत होतं. पण न्यायाधीशाला काय वाटतं, हा पुरावा नव्हे. जिथे शंका उरते, तिथे तिचा फायदा हिला मिळेल. उद्या तुमच्यावर वेळ आली, तर तुम्हालाही मिळेल. आग लावल्याचा आरोप मी फेटाळतो."

कुंभारणीने डोळे मिटून घेतले.

"निष्काळजीपणा मात्र झाला," तात्या पुढे म्हणाला. "तो दोघांकडून झाला आणि दोघांनी आपण होऊन सांगितला. त्याची शिक्षा आपल्या वाडवडिलांनी ठरवलेलीच आहे, श्रमाची. नवी शिक्षा मी शोधणार नाही आणि जास्तीची देणार नाही. कोठार पुन्हा उभं राहीपर्यंत दोघांनी रोज तिथे राबायचं."

एक म्हातारा काठी टेकत पुढे आला. "तात्या, माणसं फार चिडली आहेत रे. एकाला तरी ढकललं असतंस, तर मनं शांत झाली असती."

"झाली असती, आजोबा. पण बी उगवलं असतं का?"

म्हातारा आपला काठी टेकत परत गेला.

बियाण्याचे काय झाले, तेही सांगतो. राजाने शेजारच्या राज्यांत गाड्या पाठवल्या आणि थोडे बी मिळाले. पण खरी गंमत पुढेच झाली. सगळे बी कोठारात द्यायचा नियम होता ना? तरी घरोघरच्या बायकांनी मूठमूठ बी मडक्यात दडवून ठेवलेले होते. एकेक करून ती मडकी बाहेर येऊ लागली. पहिले मडके तात्याच्याच घरातून निघाले. नियम मोडल्याचा आरोप कोणी कोणावर केला नाही, कारण दगड उचलायला कोणीच पुढे येईना! पेरण्या वेळेवर झाल्या. कोठारही उभे राहिले. कुंभारीण आणि कोठावळा रोज भांडत आणि रोज भिंत हातभर वर नेत.

पण तात्याच्या रीतीची खरी परीक्षा त्यानंतर झाली.

राजाचा मेहुणा मोठा माजोरी होता. एका विणकर म्हातारीने वाटेतून बाजूला व्हायला उशीर केला, म्हणून त्याने भर चौकात तिचा हात पिरगाळून मोडला. म्हातारी मोडका हात गळ्यात बांधून न्यायासनापाशी आली आणि दगडाकडे बघत उभी राहिली. मेहुणा मिशीवर ताव देत होता. "उचल की म्हातारे! तात्यांचीच रीत आहे, आरोप करणाऱ्याने दगड उचलायचा."

दुबळ्यांना वाचवायला आपण ही रीत आणली आणि आज तीच एका दुबळीच्या आड आली, असे तात्याला वाटले. दगडाला आपणच जाऊन हात लावावा, असेही क्षणभर मनात आले. पण न्यायाधीश आरोप करणाऱ्याच्या बाजूने उतरला, तर मग न्याय कोण करणार? तो जागचा हलला नाही.

तेवढ्यात गर्दीतून कोठावळा बाहेर आला. "मी चौकात होतो. मी पाहिलं. साक्षीदाराने दगडाला हात लावला तर चालतं का, तात्या?"

"पाहिलेलं सांगणार असेल, तर चालतं," तात्या म्हणाला.

"मग मीही होते," एक भाजीवाली म्हणाली. मागून एक तेली आला, एक न्हावी आला. राजाच्या मेहुण्यासमोर उभे राहायला सगळेच भीत होते. भीत भीतच चौघांनी दगड उचलला. म्हातारीने आपला धड हात त्यावर ठेवला. पहिल्या पायरीआधी म्हातारी बोलली, दुसऱ्या पायरीआधी भाजीवाली बोलली. मेहुण्याने काय म्हटले, कसे म्हटले, हाड मोडल्याचा आवाज आल्यावर तो कसा हसला, हे एकेकाने पाहिले तेवढेच सांगितले.

मेहुणाही मोकळ्या खांद्यांनीच उभा होता. त्याला बोलायची संधी मिळाली, साक्षीदारांना उलटे प्रश्न विचारायचीही मिळाली. त्यांच्यातला एकही हलला नाही. इथे हातही त्याचा होता, मनही त्याचे होते आणि दोन्ही एकाच वेळी एकाच कामात होते. दगड अकराव्या पायरीवर पोचला. नवी रीत आल्यापासून तो पहिल्यांदाच वर आला होता.

तात्याने कायद्यात लिहिली होती तेवढीच शिक्षा सांगितली. मेहुण्याने न्याय बघायला आलेल्या राजाकडे बघितले. राजाने न्यायासनाकडे बघून मान लववली. म्हातारीला तर आपण जिंकलो हेच कळेना. ती त्या चौघांच्या खांद्यांवरून हात फिरवत राहिली, आणि तात्याने इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या पायऱ्यांवर माणसांना आनंदाने रडताना पाहिले.

तेव्हा बाळगोपाळांनो आणि त्यांच्या आईबापांनो, आणि तुमच्यापैकी जे कोणी उद्या न्यायाच्या पायऱ्या चढणार असतील त्यांनीही, एवढे मनात धरून घरी जा:

आरोप करणाऱ्यानेच तो सिद्ध करावा, आणि वाईट हात व वाईट मन एकत्र आल्याची खात्री पटल्याशिवाय कोणालाही गुन्हेगार म्हणू नये.